वाचकांचे प्रश्न : बाहेर बर्फ आणि वर वारा, घराबाहेर पडायचं का?

थंडी वाढली की पत्रांचे विषय ठरलेले असतात आणि यावेळी बहुतेकांनी फिरून फिरून एकच विचारलंय, किती इंच बर्फ पडला की धोका समजायचा? मला या सगळ्यांना आधी विचारावंसं वाटतं की वारा किती आहे ते बघितलंत का. शांत हवेत फूटभर बर्फ पडला तर गैरसोय होते, कामं अडतात, पण माणूस सहसा घरी पोचतो. तेच चार बोटं बर्फ आणि वर सुसाट वारा असेल तर रस्ता दिसत नाही, दिशा कळत नाही आणि अंगातली ऊबही भराभर निघून जाते. अमेरिकेच्या हवामान खात्याची ब्लिझर्डची, म्हणजे हिमवादळाची, व्याख्या बघा, त्यात किती बर्फ पडला पाहिजे याचा आकडाच नाहीये, ताशी ५६ किलोमीटर किंवा जास्त वारा, उडणाऱ्या बर्फामुळे साधारण ४०० मीटरच्या पलीकडचं न दिसणं, आणि हे सलग ३ तास, बस. तर यावेळचे प्रश्न वाऱ्यासकट घेऊया.

प्रश्न : ताई, मोबाईलवर तापमान उणे १० दिसतं आणि खाली लिहिलेलं असतं की उणे २१ सारखं जाणवेल. नवरा म्हणतो खरं तापमान वरचंच, खालचं नुसतं घाबरवायला. कोणतं धरायचं?

दोन्ही धरायची, पण वेगवेगळ्या कामाला. गाडीची बॅटरी, पाण्याचे पाइप यांच्यासाठी वरचा आकडा, आणि तुम्ही अंगात काय घालणार, किती वेळ बाहेर थांबणार यासाठी खालचा. आपल्या त्वचेलगत शरीरानेच गरम केलेल्या हवेचा एक पातळ थर असतो, शांत हवेत तो टिकतो म्हणून थंडी सोसते. वारा सुटला की तो थर उडून जातो, शरीर परत नवीन हवा तापवतं, वारा तीही घेऊन जातो, आणि हे चालूच राहतं. या हिशोबाला विंड चिल म्हणतात. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसल या दोन संशोधकांनी अंटार्क्टिकात प्लास्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते वाऱ्यात टांगलं आणि गोठायला किती वेळ लागतो ते मोजलं, १९४५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पण माणूस म्हणजे पाण्याचं नळकांडं नाही ना, म्हणून २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडाने नवीन सूत्र आणलं, त्यासाठी खऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर सेन्सर लावून त्यांना थंड वाऱ्याच्या बोगद्यात ट्रेडमिलवर चालवलं होतं. तुमच्या मोबाईलवरचे उणे २१ बहुतेक तिथूनच आलेत, कारण उणे १० मध्ये ताशी ४० किलोमीटर वारा घातला की बरोबर तेवढंच येतं. उणे २० आणि ताशी ३० चा वारा असेल तर उणे ३३ जाणवतं.

आता हे आकडे वापरायचे कसे? जाणवणारं तापमान उणे २८ च्या खाली गेलं की उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते, उणे ४० च्या खाली तर ५ ते १० मिनिटांतच. म्हणजे बसची वाट बघण्याइतका वेळ पुरतो. नवऱ्याला हेही सांगा की त्यांचं एका बाबतीत बरोबर आहे, हवा शून्याच्या वर असेल तर जाणवणारं कितीही उणे दाखवलं तरी पाणी गोठणार नाही आणि त्वचाही गोठणार नाही, कारण वारा एखादी गोष्ट हवेपेक्षा जास्त थंड करू शकत नाही, फक्त लवकर थंड करतो. पण म्हणून निर्धास्त व्हायचं नाही, शून्याच्या वरसुद्धा ओल्या कपड्यात वाऱ्यात राहिलं तर हायपोथर्मिया होतो, म्हणजे शरीराचं आतलं तापमानच धोकादायक खाली जातं, आणि या भ्रमात बरेच जण अडकतात.

कपड्यांचं म्हणाल तर सगळ्यात बाहेरचा थर वारा अडवणारा पाहिजे, हे आधी बघा. आत कितीही जाड स्वेटर असला तरी वारा त्याच्या विणीतून आरपार जातो. अंगालगत सुती नको, सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि ओला झाला की ऊब देत नाही, लोकरीचा किंवा सिंथेटिक थर्मल घाला, मधे उबदार थर आणि वर विंडप्रूफ. बोटं वेगळी असलेल्या हातमोज्यांपेक्षा चारही बोटं एकत्र राहणारे जास्त उबदार असतात. आणि एक चूक खूप जण करतात, बुटात दोन-दोन जाड मोजे कोंबतात, बूट घट्ट होतो, रक्त नीट पोचत नाही आणि पाय आणखी गार पडतात.

प्रश्न : कामावरून येताना माझ्या मुलाच्या हाताची दोन बोटं बधिर झाली. शेजारच्या आजोबांनी सांगितलं की बर्फानेच चोळ म्हणजे रक्त खेळेल. हे बरोबर आहे का?

नाही, अजिबात चोळायचं नाही, ना बर्फाने ना हाताने. आजोबा मनापासून सांगत असतील, हा सल्ला फार जुना आहे आणि खूप ठिकाणी ऐकायला मिळतो, पण गोठलेल्या पेशींमधे बर्फाचे बारीक कण तयार झालेले असतात, चोळलं की तेच आतून इजा करतात. आधी वाऱ्यातून आत यायचं, ओले मोजे-हातमोजे, अंगठी काढायची. नुसता बधिरपणा असेल आणि त्वचा मऊ असेल तर बोटं काखेत धरून बसलं तरी चालतं. त्वचा कडक किंवा मेणासारखी लागत असेल तर कोमट पाणी, ३७ ते ३९ अंश, म्हणजे घरातल्या दुसऱ्या कोणाच्या कोपराला सुखाचं वाटेल एवढंच. ज्याची बोटं बधिर आहेत त्याला पाण्याचा अंदाजच येत नाही, म्हणून हे दुसऱ्यानेच बघायचं. हीटर, शेकोटी, गरम पाण्याची पिशवी थेट लावू नका, भाजलेलं कळणार नाही. ऊब परत येताना चांगलंच दुखतं, ते अपेक्षित आहे. फोड आले, रंग काळसर-निळसर झाला किंवा संवेदना परत आलीच नाही तर डॉक्टरकडे लगेच, सकाळपर्यंत थांबू नका. आणि परत गोठायची शक्यता असेल, म्हणजे अजून तासभर बाहेर चालायचं असेल, तर मधेच ऊब देऊन वितळवू नका, वितळून परत गोठलेलं बोट जास्त खराब होतं.

एक मुद्दा मुद्दाम सांगते. माहितीपत्रकांवर लिहिलेलं असतं की त्वचा पांढरी पडते, पण सावळ्या किंवा गडद त्वचेवर हा बदल पटकन दिसत नाही, राखाडी किंवा फिकट झाल्यासारखी वाटते एवढंच. त्यामुळे रंगाची वाट बघू नका, स्पर्शाने ओळखा, बधिर झालंय का, कडक लागतंय का. नाक, कान, गाल, हनुवटी यांचं स्वतःला कळतही नाही म्हणून दोघं बाहेर असाल तर अधूनमधून एकमेकांचे चेहरे बघत राहा.

प्रश्न : हायवेवर बर्फात गाडी अडकली तर काय करायचं? मला रोज दीड तास गाडी चालवावी लागते आणि या विचारानेच पोटात गोळा येतो.

भीती वाटणं स्वाभाविक आहे, पण यातलं बरंचसं आधी ठरवून ठेवता येतं आणि तसं ठेवलं की भीती खरंच कमी होते.

पहिली गोष्ट, गाडी सोडून चालत निघायचं नाही. समोर दिवा दिसतोय, इमारत दिसतेय आणि वाट मोकळी आहे एवढं स्पष्ट असेल तरच. उडत्या बर्फात जमीन आणि आभाळ एकच पांढरं होतं, याला व्हाइटआउट म्हणतात, आणि त्यात माणूस सरळ चालतोय असं समजून भलतीकडे जातो. शिवाय शोधणाऱ्यांना गाडी लवकर सापडते, चालणारा माणूस सापडत नाही. अँटेनाला किंवा दरवाजाला भडक रंगाचं फडकं बांधा, फोन करून आपण नक्की कुठे आहोत ते कळवा, आणि मग फोन खिशात नको, आतल्या थरात अंगालगत ठेवा कारण थंडीत बॅटरी बघता बघता उतरते.

दुसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. इंजिन चालू करायच्या आधी दर वेळी, हो दर वेळी, उतरून मागे सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं नाही ना ते बघा. ते बुजलं की धूर मागे फिरून गाडीत येतो, त्यातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही, माणसाला फक्त गुंगी आल्यासारखं वाटतं आणि तो झोपतो. वारा असताना तर हे जास्त जपायचं, बर्फ पडायचा थांबला तरी वारा इकडचा बर्फ तिकडे नेऊन गाडीच्या आडोशाच्या बाजूला ढीग लावत राहतो, दहा मिनिटांपूर्वी साफ केलेलं परत बुजतं. तासाला साधारण १० मिनिटं इंजिन चालवा, तेवढ्या वेळ आतला दिवा लावून ठेवा म्हणजे बाहेरून दिसेल, आणि वारा लागत नाही त्या बाजूची काच थोडीशी खाली ठेवा. बाकी वेळ बंद. एकमेकांना चिकटून बसा, हातपाय हलवत राहा, सगळे एकदम झोपू नका. तहान लागली म्हणून बर्फ खाऊ नका, तो वितळवायला अंगातलीच ऊब खर्च होते.

गाडीत काय ठेवायचं ते घाईघाईत सांगते : ब्लँकेट, छोटं फावडं, टॉर्च, पाणी, न शिजवता खाता येईल असं काहीतरी, चार्ज केलेली पॉवर बँक, चाकाखाली टाकायला वाळूची पिशवी, सुके मोजे. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. आणि चालवताना एवढं लक्षात ठेवा की बर्फाळ रस्त्यावर गाडी थांबायला कोरड्या रस्त्याच्या दहापट अंतर लागू शकतं. पुलावर जास्त जपा कारण पुलाला खालूनही वारा लागतो, बाकी रस्ता नुसता ओला असतो तेव्हा पूल गोठलेला असू शकतो. उंच गाड्या, ट्रेलर यांच्या शेजारून जाताना अंतर ठेवा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो, एका झोताने तो ट्रेलर तुमच्या लेनमधे येऊ शकतो.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे आहेत, बीपीची गोळी चालू आहे. बर्फ पडला की फावडं घेऊन तेच आधी बाहेर. ऐकत नाहीत. काय सांगू?

त्यांना सांगा की हे काम दिसायला घरगुती असलं तरी हृदयाच्या दृष्टीने जबरदस्त व्यायाम आहे, तोही सकाळच्या थंडीत, बिना वॉर्मअप. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, बीपी वाढतं, ओला जड बर्फ उचलताना माणूस नकळत श्वास रोखून धरतो आणि बीपी आणखी वर जातं. बर्फ उपसताना हार्ट अटॅक येण्याचे प्रकार डॉक्टरांना दर हिवाळ्यात बघायला मिळतात. माझं मत विचाराल तर बीपी किंवा हृदयाचा त्रास असलेल्या ज्येष्ठांनी हे काम करूच नये, तुम्ही करा किंवा शेजारच्या तरुण मुलाला विनंती करा, बाबांना त्याच्याकडून करून घ्यायची जबाबदारी द्या, मान राहतो. आणि करायचंच असेल तर डॉक्टरांना विचारून, उचलण्यापेक्षा ढकलायचं, थोडं थोडं, थांबत थांबत, जेवल्या जेवल्या नाही. छातीत जडपणा, जबडा किंवा हात दुखणं, धाप, गार घाम यातलं काहीही झालं की फावडं तिथेच टाकून रुग्णवाहिका. वाऱ्याचं म्हणाल तर वारा असताना उपसूच नका, तोंडावर झोत घेत काम करायचं आणि अर्ध्या तासात सगळं परत भरलेलं असतं.

प्रश्न : मागच्या वादळात आमच्याकडे वीज गेली होती. परत गेली तर छोटा जनरेटर घरातच, दार उघडं ठेवून लावला तर चालेल का? कोळशाची शेगडीपण आहे.

दोन्ही आत नको, दार उघडं असलं तरी नको, गॅरेजमधे नको, बाल्कनीतही नको. वर गाडीबद्दल लिहिलेला तोच कार्बन मोनॉक्साइड. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा २०० पटीहून जास्त जोरात या वायूला धरतं, म्हणून थोडासाही पुरतो. जनरेटर घरापासून किमान ६ मीटर लांब, खिडक्या-दारांपासून दूर, आणि वारा घराकडे वाहत असेल तर दुसऱ्या बाजूला. घरात सगळ्यांचंच एकदम डोकं दुखायला लागलं, मळमळतंय, चक्कर येतेय आणि बाहेर गेल्यावर बरं वाटतंय, असं झालं तर सर्दी-फ्लू समजू नका, सगळे बाहेर पडा आणि आपत्कालीन मदत बोलवा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, बॅटरीवर चालणारा घ्या आणि झोपायच्या खोलीजवळ लावा, या एका वस्तूसाठी मी आग्रह धरीन.

वीज नसताना सगळ्यांनी एकाच खोलीत राहा, शक्यतो वारा लागत नाही त्या बाजूच्या, दाराच्या फटीला टॉवेल लावा. फ्रीज सारखा उघडू नका, बंद राहिला तर साधारण ४ तास आतलं नीट राहतं, गच्च भरलेला फ्रीजर ४८ तास. नळ अगदी बारीक धारेने चालू ठेवला तर पाइप गोठायची शक्यता कमी होते. गोठलाच तर नळ उघडा ठेवून हेअर ड्रायरने हळूहळू, ज्योत कधीच लावायची नाही.

प्रश्न : बर्फावर चालताना सारखी घसरते. काही युक्ती?

पेंग्विनसारखं चाला. छोटी पावलं, पाय थोडे बाहेर फाकवून, वजन पुढच्या पायावर, हात खिशाबाहेर. वारा पाठीमागून असेल तर जास्त सावकाश, तोच ढकलतो. साधं मीठ दारासमोर टाकत असाल तर साधारण उणे ९ च्या खाली ते फारसं काम करत नाही, मग वाळू टाका, बर्फ वितळणार नाही पण पाय धरेल.

प्रश्न : सहा महिन्यांच्या बाळाला किती गुंडाळू?

तुमच्यापेक्षा एक थर जास्त, एवढंच. बाळं नीट कुडकुडू शकत नाहीत, थंडी वाजतेय हे सांगायची त्यांची सोय तिथेच संपते, म्हणून मान आणि छातीला हात लावून बघा. गार लागलं, बाळ मलूल वाटलं, दूध ओढत नसेल तर आत आणून अंगाशी घ्या आणि डॉक्टरांना फोन. कार सीटमधे मात्र फुगीर जाकीट घालून बांधू नका, धक्का बसला की जाकीट दबतं आणि पट्टा सैल पडतो, आधी पट्टा मग वरून ब्लँकेट. जोरदार वारा असेल तर एवढ्या लहान बाळाला कामाशिवाय नेऊच नका.

प्रश्न : आमचा मित्र बर्फात चालून चालून दमला, बोबडं बोलायला लागला, आम्हाला वाटलं थट्टा करतोय. थोडी दारू द्यावी का अशा वेळी?

दारू नाही. दारूने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या पसरतात, गरम वाटतं पण आतली ऊब बाहेर जाते. अडखळणं, बोबडं बोलणं, हातातून वस्तू पडणं, विचित्र वागणं ही हायपोथर्मियाची लक्षणं आहेत, म्हणजे शरीराचं आतलं तापमान ३५ च्या खाली गेलंय. कुडकुडणं थांबलं तर बरं वाटायला लागलं असं समजू नका, ते जास्त गंभीर. काही जण त्या अवस्थेत गरम होतंय म्हणून कपडे काढायला लागतात, तेव्हा त्यांचं ऐकायचं नाही. आडोसा, ओले कपडे काढून सुके, डोकं झाकून, अंगाखालीही काहीतरी घालून, ऊब आधी छाती-मान-काखेला, हातपायांना नाही. पूर्ण शुद्धीत असेल आणि नीट गिळता येत असेल तर गरम गोड पेय. हळुवार हाताळा, ओढाताण नको, आणि मदत मागवा.

प्रश्न : वादळ संपलंय, छान ऊन पडलंय, वारा थोडा आहे. डोंगरात जायला हरकत नाही ना?

हरकत आहे, आणि याच दिवशी जास्त आहे. दोन दिवस वाऱ्याने डोंगराच्या एका बाजूचा बर्फ उचलून आडोशाच्या उतारावर रचलेला असतो, तो थर वरून गुळगुळीत, घट्ट दिसतो, पाय ठेवला तर ढोलासारखा पोकळ आवाज येतो, आणि खालच्या बर्फाला तो नीट चिकटलेला नसतो, त्यामुळे अख्खा थर एकदम घसरून खाली येऊ शकतो, हेच हिमस्खलन. ३० ते ४५ अंशांचे उतार यासाठी सगळ्यात वाईट. माणसं सापडतात त्या बहुतेक हिमस्खलनांत ते स्खलन त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या गटातल्या कोणीतरीच सुरू केलेलं असतं. कड्यावर बर्फाची जी पुढे आलेली कड दिसते तीही वाऱ्यानेच केलेली असते, खाली आधार नसतो, तिच्यावर उभं राहून फोटो नको. "हूम्म" असा दबका आवाज आला किंवा पायाखालून भेगा पळाल्या तर तिथूनच मागे फिरा. त्या भागाचं हिमस्खलनाचं बुलेटिन निघत असेल तर ते वाचा, त्यात कोणत्या दिशेच्या उतारांवर वाऱ्याने बर्फ रचलाय ते दिलेलं असतं. बुलेटिन नसेल तर एकदोन दिवस थांबा, आणि नंतरही सगळ्यांकडे बीकन (गाडलेला माणूस शोधायचं सिग्नलचं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं आणि ते वापरायचा सराव असेल तरच निघा, कारण गाडलेल्या माणसाला वाचवायला पहिली १०-१५ मिनिटंच हातात असतात आणि तेवढ्यात बाहेरची मदत पोचत नाही, सोबत असतील तेच काय ते.